परदेशी जाताना गाठीला काय बांधायचं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाणाऱ्यांनी पैशाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या महिन्यात म्हटलं होतं आणि एवढी पत्रं, मेल आले की सगळी छापणं शक्यच नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय. मी स्वतः बँकेत परकीय चलनाच्या काउंटरला बावीस वर्षं बसले, त्यामुळे हे प्रश्न मला काचेपलीकडच्या चेहऱ्यांसकट आठवतात. रेट रोज बदलतात म्हणून आजचे रेट मी लिहीत नाहीये, हिशेबात दिलेले आकडे 'समजा' म्हणून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड शिक्षक, सांगलीचे. पहिल्यांदाच परदेशी चाललोय. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली अशी बारा दिवसांची ग्रुप टूर आहे. कुणी म्हणतं सगळं कॅश न्या, कुणी म्हणतं कार्डच न्या. किती आणि कसे पैसे न्यावेत?

पहिलं अभिनंदन, खरंच. आता आधी टूरच्या कागदावर बघा की कशाकशाचे पैसे भरून झालेत, कारण ग्रुप टूरमध्ये हॉटेल, बस, नाश्ता आणि बहुतेक जेवणं धरलेली असतात, राहतं काय तर पाणी, कॉफी, टॉयलेटचे सुट्टे, एखादी वेगळी राइड, आणि घरच्यांसाठी चॉकलेटं नि फ्रिजवरची चुंबकं. इटलीत बऱ्याच शहरांत हॉटेलात माणशी, दर रात्री सिटी टॅक्स द्यावा लागतो, तो टूरमध्ये धरलाय की तिथे द्यायचाय हे आत्ताच विचारून ठेवा, तिथे काउंटरवर कळलं की चिडचिड होते.

माझं मत विचाराल तर खर्चाचा अंदाज काढा, त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग नोटांमध्ये आणि उरलेला फॉरेक्स कार्डावर, म्हणजे ज्यात परकीय चलन आधीच भरून ठेवतात ते कार्ड. युरोपात एका कॉफीलाही कार्ड चालतं, पण टॉयलेट, छोटी टपरी, बाजारातला फळवाला इथे सुट्टेच लागतात. नोटा घेताना मनी चेंजरला स्पष्ट सांगा की १०, २० आणि ५० च्याच द्या. काउंटरवर मी कितीतरी वेळा बघितलंय, लोकांना मोठ्या नोटा आवडतात कारण पाकीट जाड होत नाही, पण ५०० युरोची नोट युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०१९ पासून नव्याने काढणं बंद केलंय आणि चालू असली तरी दुकानदार ती हातात घेत नाहीत, २०० चीही दुकानात तीच कथा.

स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही, फ्रँक आहे. टुरिस्ट भागातली दुकानं युरोच्या नोटा घेतात, पण सुट्टे फ्रँकमध्ये परत देतात आणि रेट त्यांचा, मग ती नाणी तुमच्याकडे पडून राहतात कारण नाणी कुठलाच मनी चेंजर परत घेत नाही. दोनतीन दिवसच असाल तर थोडे फ्रँक कार्डावर भरा, नोटा अगदी नावाला. आणि पाणी तिथे विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याचंच असतं (नसेल तिथे तशी पाटी असते), बाटली भरून घ्या. पॅरिसमध्येही रेस्टॉरंटमध्ये जेवणाबरोबर नळाचं पाणी मागितलं तर फुकट देतात, आणि बिलात सर्व्हिस धरलेलीच असते त्यामुळे टिप द्यायलाच हवी असं अजिबात नाही. इटलीत बिलावर 'कोपेर्तो' असं दिसेल, तो टेबलावर बसण्याचा माणशी आकार असतो, कुणी फसवत नाहीये. कॉफी काउंटरला उभं राहून घेतली तर स्वस्त पडते, बसून घेतली की महाग.

नोटा किती नेता येतात ते पण सांगते. साधारणपणे एका माणसाला एका ट्रिपला ३००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीच्या दुसऱ्या चलनाच्या नोटा, त्याच्यावरचं कार्डावर. भारतीय रुपये जाताना माणशी २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, तेवढे नेऊ नका पण परत आल्यावर विमानतळावरून घरी यायला दोनतीन हजार असू द्या. परकीय चलन बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचं लायसन असलेल्या मनी चेंजरकडूनच घ्या, पासपोर्ट, पॅन, तिकीट लागतं, ५०,००० च्या वरचे पैसे रोख देता येत नाहीत, चेक किंवा ट्रान्सफर करा आणि पावती जपून ठेवा. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून घेता येतं, सगळं एकदम घेण्यापेक्षा दोनदा घेतलंत तर रेटचा धसका जरा कमी बसतो. विमानतळावरच्या काउंटरवर मात्र शेवटच्या क्षणी घेऊ नका, तिथे रेट वाईटच असतो.

आणि आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही. कार्ड दोघांच्या नावाने दोन वेगळी घ्या. बावीस वर्षांत मी जोडपी बघितली ती बहुतेक अशी, फॉर्म काकांनी भरायचा, कार्ड काकांच्या खिशात, पिन काकांना पाठ, आणि काकू बाजूला पर्स घट्ट धरून उभ्या, पर्समध्ये औषधं नि रुमाल. पॅरिसच्या मेट्रोत आणि आयफेल टॉवरखाली खिसेकापू आहेत हे सगळ्यांना माहितीय, काकांचं पाकीट गेलं की दोघंही एकदम रिकामे. तेव्हा दोन कार्डं, दोन पिन, नोटा चार ठिकाणी, त्यातल्या थोड्या कपड्याच्या आतल्या चोरकप्प्यात. आपल्या आज्या कनवटीला पैसे बांधायच्या ते उगीच नाही.

प्रश्न : बँकॉकला मॉलमध्ये कार्ड मशीनवर 'रुपये की बात' (बात म्हणजे थायलंडचं चलन) असं विचारलं. मी रुपये दाबलं, म्हटलं आपल्या चलनात बरं. मित्र म्हणतो मूर्खपणा केलास. खरंय का? (ठाणे)

मूर्खपणा नाही हो, ती स्क्रीन तशीच बनवलेली असते की माणसाने रुपयेच दाबावं. याला डीसीसी म्हणतात, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. तुमची बँक ज्या रेटने बात बदलून घेते त्याऐवजी तिथल्या मशीनची कंपनी स्वतःचा रेट लावते आणि त्यात स्वतःचा नि दुकानदाराचा हिस्सा ठेवते.

समजा बिल ४००० बात आणि नेटवर्कचा, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कार्ड कंपनीचा, रेट २.६० आहे, म्हणजे १०,४००. मशीन दाखवतं १०,९००. आता तुम्ही म्हणाल की माझं क्रेडिट कार्ड पण साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी खर्चावरचा जादा आकार) आणि त्याच्यावर १८ टक्के जीएसटी घेतंच की, म्हणजे ४३० रुपये, मग फरक कितीसा? फरक असा की रुपये निवडले तरी दुकान परदेशातलंच असतं, त्यामुळे काही बँका त्या १०,९०० वर परत वेगळा चार्ज लावतात, तो स्टेटमेंटमध्ये महिनाभराने दिसतो. आणि तुमच्याकडे बात भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर अजून वाईट, कारण कार्डात बात, बिल बातमध्ये, तरी मधेच ते रुपयात जाऊन परत बातमध्ये येतं, दोनदा बदलाई. म्हणून नेहमी तिथलंच चलन निवडा. दुकानदाराने न विचारता रुपये दाबलं आणि स्लिपवर रुपये दिसले तर तिथल्या तिथे कॅन्सल करून परत मारायला सांगा, संकोच करू नका. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे 'कन्व्हर्जनशिवाय पुढे जा' असं बटण असतं, ते दाबलं तरी पैसे निघतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी दोनशे बातच्या वर फी घेतं, ती पाचशे काढा किंवा दहा हजार काढा तेवढीच, म्हणून एकदाच जास्त काढलेले बरे.

प्रश्न : दुबईत हॉटेलने चेक-इनला माझ्या फॉरेक्स कार्डावरून १००० दिरहम 'डिपॉझिट' म्हणून घेतले. चेक-आउटला म्हणाले सोडले. तीन आठवडे झाले, कार्डात पैसे नाहीत. उरलेली ट्रिप मी मेव्हण्याकडून उसने घेऊन काढली. हॉटेल बँकेकडे बोट दाखवतं, बँक हॉटेलकडे. (नाशिक)

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे टाळता आलं असतं आणि कार्ड विकताना कुणीतरी तुम्हाला हे सांगायला हवं होतं.

हॉटेलने पैसे घेतले नव्हते, अडवून ठेवले होते, याला होल्ड म्हणतात. क्रेडिट कार्डावर होल्ड लागला की फक्त लिमिट कमी होतं, तुमचे खरे पैसे कुठे जात नाहीत. फॉरेक्स कार्ड प्रीपेड असतं, त्यात तुमचेच पैसे असतात, त्यामुळे होल्ड म्हणजे सरळ तेवढे पैसे कुलपात. हॉटेलने सोडल्याचा निरोप बँकेपर्यंत नीट पोचला तर काही दिवसांत सुटतात, नाही पोचला तर होल्डची मुदत आपोआप संपेपर्यंत थांबावं लागतं आणि त्याला तीनचार आठवडे लागू शकतात. आता असं करा, हॉटेलला मेल करून होल्ड सोडल्याचं पत्र मागा, त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख आणि अप्रूव्हल कोड असायला हवा, ते जोडून बँकेला लेखी तक्रार द्या आणि तक्रार नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही मिळालं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट असते.

पुढच्या वेळी होल्ड क्रेडिट कार्डावर द्या आणि शेवटचं बिल हवं तर फॉरेक्स कार्डाने भरा. भाड्याची गाडी घेणार असाल तर बऱ्याच कंपन्या प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. आणि दुबईत खोलीच्या भाड्याशिवाय दर रात्री ७ ते २० दिरहम टुरिझम फी असते, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे, तिचा या होल्डशी संबंध नाही, ती परत मिळत नाही.

प्रश्न : तिकडे यूपीआय चालतं का?

काही ठिकाणी. भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, मॉरिशस, श्रीलंका इथल्या ठरावीक दुकानांत चालतं, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटालाही २०२४ मध्ये सुरू झालं. अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल यूपीआय आधी चालू करावं लागतं. पण त्याच्या भरवशावर जाऊ नका, जिथे चाललं तिथे वापरा. नेपाळला जाणाऱ्यांनी शंभरच्या नोटांचं बंडल न्यावं, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा हिशेब वर्षानुवर्षं तोच आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो, सुनेचं बाळंतपण आहे म्हणून सहा महिने जातेय. एकटीच, हे नाहीत आता. मुलगा म्हणतो, आई तू पैसे कशाला आणतेस, मी आहे ना. मलाही वाटतं काय करायचेत. पण मैत्रीण म्हणाली थोडे ठेव. काय करू? (पुणे)

मैत्रिणीचं ऐका. मुलगा प्रेमानेच म्हणतोय याबद्दल शंका नाही, पण सहा महिने म्हणजे पाहुणचाराचे चार दिवस नव्हेत. तुम्हाला एक दिवस वाटेल नातवाला आपल्या पैशाने झबलं घ्यावं, सुनेला काहीतरी आवडीचं आणावं, ओक ट्री रोडवर हिंग नि साबुदाणा घेताना स्वतः पैसे द्यावेत, आणि प्रत्येक वेळी मुलाकडे हात पसरायचा म्हटलं की माणूस ते घेतच नाही. माझ्या काउंटरवर अशा आया परत आल्यावर उरलेले डॉलर बदलायला यायच्या तेव्हा मी विचारायचे कसं वाटलं, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे पैसे होते त्यांच्या बोलण्यात तिकडची दुकानं, रस्ते, माणसं यायची. बाकीच्या फक्त घराबद्दल बोलायच्या.

तर पाचसहाशे डॉलर नोटांमध्ये न्या, पण १, ५, १० आणि २० च्या, शंभराच्या एकदोनच. आणि एक डॉलरचं फॉरेक्स कार्ड, त्यात जमेल तेवढे. न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्याने, थोडे अपवाद सोडले तर, दुकानांना रोख पैसे नाकारता येत नाहीत, त्यामुळे कार्डाची भीती वाटली तर नोट काढा, कुणी नाही म्हणणार नाही. किमतीच्या लेबलवर टॅक्स धरलेला नसतो, काउंटरवर वाढतो, तिथे तो ६.६२५ टक्के आहे, पण कपड्यांवर आणि बहुतेक किराण्यावर नाही, म्हणजे झबल्यावर टॅक्स लागणार नाही. नाण्यांमध्ये एक गोंधळ होतो, दहा सेंटचं डाइम हे पाच सेंटच्या निकेलपेक्षा आकाराने लहान असतं आणि त्याच्यावर दहाचा आकडाही नसतो, घरी सगळी नाणी टेबलावर मांडून एकदा ओळख करून घ्या. रेस्टॉरंटमध्ये वेटर असेल तर टिप १५ ते २० टक्के, तिथे ती त्यांच्या पगाराचाच भाग धरतात, म्हणून ती टाळू नये.

क्रेडिट कार्ड तुमच्या स्वतःच्या नावाचं नसेल तर बँकेत एफडीवर मिळतं, पगार किंवा रिटर्न लागत नाही, काकूंना मिळत नाही असं कुणी म्हटलं तर मॅनेजरला भेटा. कुठलंही कार्ड असो, २०२० पासून नवी कार्डं फक्त भारतात चालतील अशीच देतात, परदेशासाठी तुम्हाला अ‍ॅपमधून ते चालू करावं लागतं आणि तिथेच रोजची लिमिट पण घालता येते. हे घरी असतानाच करा. भारतातलं सिम फोनमध्ये राहू द्या, रोमिंग चालू करा आणि सहा महिने ते जिवंत राहील एवढा रिचार्ज मारा, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि इथलं लाइट बिल भरायलाही मुलाला फोन करावा लागेल. आजारपणाचा खर्च हा या पैशातून निघणारा नाही, तिथलं एक रात्रीचं हॉस्पिटल पण आपल्या आवाक्याबाहेर असतं, त्यासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स पूर्ण सहा महिन्यांचा काढा आणि त्यात बीपी-शुगर काय असेल ते खरं खरं लिहा.

बाळाला माझे आशीर्वाद.

प्रश्न : टूर कंपनीने पॅकेजवर टीसीएस घेतला. हे पैसे बुडाले का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही बुडाले. टीसीएस म्हणजे कंपनीने पैसे घेतानाच गोळा केलेला, तुमच्या पॅनवर जमा झालेला आयकर, तो आयकर खात्याच्या २६ एएस या पत्रकात दिसतो, रिटर्न भरताना तुमच्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. ऑक्टोबर २०२३ ला याचे दर वाढले, नंतरच्या बजेटांमध्ये बदलत आले, म्हणून बुकिंगच्या दिवशी किती टक्के हे कंपनीकडून लेखी घ्या. अडचण होते ती आईवडिलांची, ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही म्हणून ते रिटर्न भरतच नाहीत, त्यांनी त्या वर्षी रिटर्न भरायलाच हवं, नाहीतर परतावा मिळणार कसा. नोकरदारांना ऑक्टोबर २०२४ पासून ऑफिसला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येच तो वळता करता येतो.

प्रश्न : मुलगी मैत्रिणीबरोबर व्हिएतनामला गेलीय. काल हनोईत तिची पर्स गेली, कार्ड-कॅश सगळं. मैत्रिणीच्या पैशांवर चाललंय. इथून पैसे पाठवायला गेलो तर मनी ट्रान्सफरवाला म्हणाला जात नाहीत. (कोल्हापूर)

तुम्हाला मी लगेच मेलने उत्तर दिलं होतं, इतरांना उपयोगी पडेल म्हणून छापतेय. तो माणूस बरोबर होता. आपल्याकडच्या त्या मनी ट्रान्सफरच्या दुकानांतून परदेशातून भारतात पैसे येतात, इथून बाहेर तसे जात नाहीत, आणि हे बहुतेकांना अडचणीत सापडल्यावरच कळतं. इथून बँकेमार्फत परदेशी खात्यात पाठवता येतात, पण तिचं तिथे खातं नाही. म्हणून सगळ्यात सोपं हे की मैत्रिणीच्या फॉरेक्स कार्डात भरायचे, तिच्या घरच्यांशी बोलून, आणि तेच तुम्ही केलंत.

कार्ड गेलं की आधी अ‍ॅपमधून ब्लॉक करायचं, फोन शोधत बसायचं नाही, कारण बँकेचा १८०० चा नंबर बाहेरून बहुतेक लागतच नाही, +९१ वाला नंबर वेगळा असतो, तो जायच्या आधी कागदावर लिहून पर्समध्ये नव्हे तर बॅगेत ठेवायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, त्रयस्थाने केलेला ऑनलाइन किंवा कार्डाचा व्यवहार, ज्यात तुमची चूक नाही, तो बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलात तर भुर्दंड तुमच्यावर नाही, चार ते सात दिवस लागले तर थोडा तुमच्यावर. पिन कार्डाबरोबर चिठ्ठीवर लिहून ठेवला असेल तर मात्र ती तुमची चूक धरतात. पोलिसात तक्रार नोंदवून कागद घ्या, इन्शुरन्सला लागतो.

बऱ्याच फॉरेक्स कार्डांच्या पाकिटात एक जादा कार्ड मिळतं. ते खोलीतल्या मोठ्या बॅगेत राहायला हवं, आणि बहुतेक जण दोन्ही एकाच पर्समध्ये घालतात. व्हिएतनामला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, फाटक्या किंवा शाई लागलेल्या बदलून मिळत नाहीत, आणि वीस हजार डाँग नि पाच लाख डाँग या दोन्ही नोटा निळ्या आहेत, रात्री टॅक्सीत देताना शून्यं मोजूनच द्या.

प्रश्न : वडील गेले. त्यांच्या कपाटातल्या डायरीत कागदी पौंड सापडले, वीसच्या सात आणि पन्नासची एक, २०११ ला लंडनला गेले होते तेव्हाचे. मनी चेंजर म्हणतो रद्दी झाली. (रत्नागिरी)

रद्दी नाही. कागदी वीस आणि पन्नास पौंडाच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, म्हणून मनी चेंजर घेत नाही, पण बँक ऑफ इंग्लंड त्यांच्या जुन्या नोटा कितीही वर्षांनी बदलून देते, त्याला मुदत नाही. लंडनला त्यांच्या काउंटरवर जाऊन किंवा पोस्टाने, ओळखीचे कागद जोडून. तिकडे राहणारं किंवा जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या हाती द्या, इथून पोस्टाने नोटा पाठवू नका. नोटांवर आधी बघून घ्या, 'बँक ऑफ इंग्लंड' लिहिलंय की स्कॉटलंडच्या एखाद्या बँकेचं नाव आहे, स्कॉटलंडची असेल तर ज्या बँकेने काढली तिच्याकडेच जावं लागतं. डायरीत एक पौंडाची जुनी गोल नाणी असतील तर ती ऑक्टोबर २०१७ पासून चालत नाहीत, ती मात्र आठवण म्हणून घरातच राहू द्या. नाणी कितीही ठेवता येतात, त्याला नियमाची आडकाठी नाही.